चालतां चालतां पाऊल कां अडतें ?

ज्या क्रिया मनुष्यास अत्यंत सोप्या वाटतात, त्यांचें महत्त्व त्यास बहुधा त्या बंद पडल्यावरच कळतें. चालणें ही अशीच एक क्रिया आहे. मूल साधारणतः एक वर्षाचें झालें म्हणजे भिंतीच्या, बाकाच्या व आईच्या बोटाच्या आधारानें पाऊल टाकूं लागतें. अनेकदां पडतें, पुन्हां उठतें, आणि कांहीं महिन्यांतच ही विद्या त्याच्या इतकी अंगवळणीं पडते कीं, पुढें आयुष्यभर तिचा वेगळा विचार करण्याचें त्यास कारण पडत नाहीं. शाळेस येतांना आपण मित्राशीं बोलत असतों, पाठ केलेला धडा मनांत घोळवीत असतों, दुकानांतील वस्तु पाहत असतों, आणि पाय मात्र आपलें काम बिनबोभाट करीत असतात. परंतु कांहीं माणसांच्या उत्तरवयांत असा काळ येतो कीं, तेंच पाऊल घरांतल्या घरांत, रोजच्या दारापाशीं, एकाएकीं अडून राहतें. पायांत शक्ति असते, मनांत जाण्याची इच्छा असते, आणि तरीहि पाय उचलत नाहीं.

ही अवस्था ज्या रोगामुळें येते, त्यास वैद्यशास्त्रांत पार्किन्सनचा रोग असें नांव आहे. आपल्याकडे तो कंपवात ह्या नांवानें ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं जगांत ८५ लक्षांहून अधिक लोक ह्या रोगानें पीडित होते. तेव्हां आपल्या घरांत नाहीं तरी आळींत, नातलगांत किंवा परिचितांत असा एखादा वृद्ध गृहस्थ अथवा वृद्ध स्त्री आढळण्याचा संभव पुष्कळ आहे. ह्या लेखांत रोगाची समग्र चर्चा करण्याचा हेतु नाहीं. त्याचा चालण्यावर व पावलांवर परिणाम कसा होतो, आणि घरांतील लहानथोरांस त्याविषयीं काय ठाऊक असावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम निरोगी मनुष्य कसा चालतो तें पाहूं. पुढें पडणारा पाय आधीं टाचेवर टेकतो. मग शरीराचा भार तळव्यावरून पुढें सरकत चवड्यावर येतो, आणि शेवटीं अंगठ्यानें जमीन मागें रेटून तो पाय पुन्हां उचलला जातो. एक पाय हवेंत झुलत असतांना दुसरा भार सांभाळतो. परंतु प्रत्येक पावलांत असाहि एक लहानसा क्षण येतो कीं, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतात. धावतांना हा क्षण नाहींसा होतो, व हाच चालणें आणि धावणें ह्यांतील मुख्य भेद होय. एका पायाचा पूर्ण फेरा घेतला, तर त्यांतील शंभर हिश्शांपैकीं सुमारें साठ हिस्से वेळ तो पाय जमिनीवर असतो व चाळीस हिस्से हवेंत असतो. शिवाय उजवा पाय पुढें गेला कीं डावा हात पुढें येतो, व डावा पाय गेला कीं उजवा हात. ह्यामुळें तोल राहतो.

इतक्या गोष्टी एका पावलांत घडतात, पण त्यांकडे आपण लक्ष देत नाहीं. उलट, लक्ष दिलें तर कधीं कधीं घोटाळाच होतो. कवाइतीच्या पहिल्या दिवशीं “डावा, उजवा” असा हुकूम सुटला म्हणजे एखादा नवखा मुलगा डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढें टाकतो, व सर्व वर्ग हंसूं लागतो. तोच मुलगा तास संपल्यावर घरीं जातांना अगदीं बरोबर चालतो. ह्याचा अर्थ असा कीं, चालण्याचे दोन मार्ग आहेत. एक सवयीचा, ज्यांत मन कोठें जावयाचें एवढेंच ठरवितें व बाकीचें काम आपोआप होतें. आणि दुसरा लक्षाचा, ज्यांत एकेक पाऊल जाणूनबुजून टाकावें लागतें. वाचकांनीं हे दोन मार्ग ध्यानांत ठेवावे, कारण पुढील सर्व विवेचन त्यांवरच अवलंबून आहे.

ह्या रोगाचें पहिलें पद्धतशीर वर्णन करण्याचा मान जेम्स पार्किन्सन ह्या इंग्रज वैद्याकडे जातो. ११ एप्रिल १७५५ रोजीं त्याचा जन्म झाला. लंडन शहराच्या हॉक्स्टन भागांत तो वैद्यकी करीत असे. त्यास भूगर्भांतील प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांचाहि मोठा नाद होता, व १८०७ सालीं लंडनमध्यें भूगर्भशास्त्रज्ञांची जी संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांपैकीं तो एक होता. १८१७ सालीं त्यानें कंपवातावर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत अवघ्या सहा रोग्यांची हकीकत आहे, आणि त्यांतहि कांहीं जण त्यास केवळ रस्त्यांत भेटलेले होते; एकास तर त्यानें दुरूनच पाहिलें होतें. परंतु त्याची दृष्टि इतकी तीक्ष्ण होती कीं, हातांचा कंप, पुढें वांकलेलें शरीर, आणि चालतां चालतां धावूं लागण्याची अनावर ओढ, हीं तीन मुख्य लक्षणें त्यानें अचूक टिपलीं. आज ११ एप्रिल हा त्याचा जन्मदिवस जगभर ह्या रोगाविषयीं माहिती देण्याचा दिवस म्हणून पाळला जातो.

पार्किन्सननें ह्या रोगास कंपयुक्त पक्षाघात अशा अर्थाचें नांव दिलें होतें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिस येथील विख्यात वैद्य शार्को ह्यानें दाखवून दिलें कीं, हा खरा पक्षाघात नव्हे. पक्षाघातांत अवयवाची शक्ति जाते. ह्या रोगांत ती बहुतांशीं कायम असते. तसेंच प्रत्येक रोग्यास कंप असतोच असेंहि नाहीं. म्हणून शार्कोनें पहिल्या वर्णनकर्त्याच्या सन्मानार्थ पार्किन्सनचा रोग हें नांव सुचविलें व तेंच रूढ झालें.

मग शक्ति असतांना पाय कां चालत नाहीं ? ह्याचें उत्तर पायांत नसून मेंदूंत आहे. मेंदूच्या खालच्या भागांत, मज्जारज्जूकडे जाणाऱ्या देंठांत, दोन्ही बाजूंस एकेक काळसर पट्टा असतो. त्याचें लॅटिन नांवहि काळा पदार्थ अशाच अर्थाचें आहे. ह्या पट्ट्यांतील पेशी डोपामीन नांवाचें एक द्रव्य तयार करतात व तें मेंदूच्या गाभ्यांतील कांहीं पुंजांकडे पोंचवितात. हे पुंज म्हणजे आपल्या सवयीच्या हालचालींचे जणूं कारभारीच होत. घरच्या यजमानानें “आज पाहुणे येणार आहेत” एवढेंच सांगावें, आणि पाणी, पाट, पानें ह्यांची सर्व व्यवस्था जुन्या कारभाऱ्यानें न सांगतां करावी, त्याप्रमाणें मनानें “बाहेर जाऊं” असें ठरवितांच पाऊल केवढें टाकावयाचें, हात किती हलवावयाचा, केव्हां थांबावयाचें, हें सर्व हे पुंज सांभाळतात. पार्किन्सनच्या रोगांत काळसर पट्ट्यांतील पेशी हळूहळू नष्ट होत जातात, डोपामीन कमी पडतें, आणि कारभाऱ्याचा हात आंखडतो. मग हुकूम पोंचतो, पण काम अपुरें होतें. लक्षणें दिसूं लागतात तेव्हां त्या पेशींपैकीं पुष्कळ आधींच गेलेल्या असतात.

ह्या पेशी कां मरतात, ह्याचें निश्चित कारण बहुतेक रोग्यांच्या बाबतींत सांगतां येत नाहीं. थोड्या घराण्यांत तो आनुवंशिक असतो. बहुधा साठीच्या सुमारास किंवा त्यानंतर तो दिसतो; क्वचित् तरुणपणींहि होतो. मात्र तो स्पर्शानें, श्वासानें किंवा एका ताटांत जेवल्यानें दुसऱ्यास होत नाहीं, हें सर्वांनीं पक्कें समजावें.

आतां चालण्यांत दिसणारे फरक क्रमानें पाहूं. आरंभ बहुधा एकाच बाजूस होतो. चालतांना एक हात पूर्वींसारखा हलत नाहीं, शरीराशीं चिकटल्यासारखा राहतो. त्याच बाजूचा पाय किंचित् घासत येतो. एकाच पायाच्या वहाणेचा तळ अधिक झिजतो. रोग्यास हें पुष्कळदां कळतहि नाहीं, पण घरच्यांस त्याच्या पावलांचा आवाज बदललेला जाणवतो.

पुढें पाऊल आंखूड होतें. येथें एक गोष्ट मोठी विचित्र आहे. आपण पुरेसें लांब पाऊल टाकीत आहों असें रोग्यास मनापासून वाटत असतें, पण प्रत्यक्षांत तें वीतभरच पुढें पडतें. टाच आधीं टेकण्याऐवजीं सबंध तळवा एकदम जमिनीवर येतो, किंवा चवडाच आधीं टेकतो. पाय जमिनीपासून फारसा उचलला जात नसल्यामुळें फरशीची कड, सतरंजीचा कोपरा किंवा लहानसा खडाहि ठेंच लागण्यास पुरेसा होतो. पाठ, मान व गुडघे पुढें वांकतात. वळावयाचें असतां निरोगी मनुष्य आधीं मान वळवितो, मग खांदे, मग कंबर, व एकदोन पावलांत वळतो. ह्या रोग्याचें सर्व शरीर मात्र लांकडाच्या ओंडक्याप्रमाणें एकसंध वळतें, आणि तेवढ्यासाठीं त्यास पांचसहा किंवा त्याहूनहि अधिक बारीक पावलें टाकावीं लागतात. ह्याच वेळीं तोल जाण्याची भीति विशेष असते.

ह्या पुढची अवस्था म्हणजे पार्किन्सननें वर्णिलेली धांव. शरीर पुढें झुकलेलें असल्यामुळें भार पायांच्या पुढें जातो, आणि तो सांवरण्यासाठीं पाय बारीक बारीक पण अधिकाधिक जलद पावलें टाकूं लागतात. उतारावरून हातगाडी सुटली म्हणजे ती धरणाऱ्यास तिच्यामागें जसें धावावें लागतें, तसे ते पाय आपल्याच शरीराच्या मागें धावत असतात. भिंत, खांब किंवा कोणाचा हात आडवा आला नाहीं, तर ही धांव पडण्यांतच संपते.

ह्याच्या अगदीं उलट प्रकार म्हणजे पाऊल अडणें. मनुष्य चालत असतो आणि मध्येंच त्याचे पाय जमिनीस खिळल्यासारखे होतात. कंबरेवरचें शरीर पुढें जाऊं पाहतें, गुडघे थरथरतात, पण तळवे सुटत नाहींत. हा प्रकार बहुधा कांहीं क्षणांचाच असतो, तथापि त्या क्षणांत तोल जाऊन मनुष्य पडूं शकतो. अशा पडण्यानें वृद्धांच्या मांडीच्या हाडास इजा होऊं शकते. तो कोठें घडतो हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. चालावयास आरंभ करतांना, वळतांना, दारांतून किंवा अरुंद जागेंतून जातांना, गर्दींत, खुर्चीपाशीं अगदीं पोंचल्यावर, आणि विशेषतः घाई असतांना पाय अडतात. टेलिफोनची घंटा वाजली, दारावर कोणीं हांक मारली, मोटार येण्यापूर्वीं रस्ता ओलांडावयाचा आहे, अशा प्रसंगीं मनाची जितकी तांतड अधिक, तितकें पाऊल अधिक घट्ट होतें.

एका वेळीं दोन कामें करणें हेंहि ह्या रोग्यास जड जातें. कारभारी दुर्बळ झाल्यामुळें त्याचें काम आतां मनास स्वतः करावें लागतें. म्हणून चालतांना कोणीं प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याकडे मन जातें व पाय थांबतात. हातांत भरलेला चहाचा पेला असला, तर पेला सांभाळतां सांभाळतां पाऊल बिघडतें.

पावलाच्या स्नायूंसहि एक वेगळी पीडा होते. पहांटे, रात्रीच्या औषधाचा अंमल उतरलेला असतांना, कित्येकांच्या पायांत वांब येतात. बोटें खालीं आंखडतात किंवा अंगठा ताठ होऊन वर वळतो, व तळवा आंतल्या बाजूस मुरडतो. हें दुखणें बराच वेळ टिकूं शकतें, आणि तेवढ्या वेळांत पाय जमिनीवर सपाट टेकतां येत नाहीं. कधीं कधीं तरुण वयांत जडलेल्या रोगाचें हेंच पहिलें चिन्ह असतें. सकाळीं उठण्यास वेळ लावणारा असा मनुष्य आळशी नसून वेदनेंत असतो, हें घरच्यांस ठाऊक असल्यास पुष्कळ गैरसमज टळतील.

इतकें सर्व वाचल्यावर वाचकांस वाटेल कीं, अशा मनुष्याचे पाय कायमचे निकामी झाले. परंतु ह्या रोगांतील सर्वांत आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. सपाट जमिनीवर ज्यास चार पावलें टाकवत नाहींत, तोच मनुष्य जिना सुखानें चढूं शकतो. १९६७ सालीं इंग्रज मज्जातज्ज्ञ पर्डन मार्टिन ह्यांनीं आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, जमिनीवर योग्य अंतरानें आडव्या पट्ट्या आंखल्या, तर असे रोगी त्या ओलांडीत बरेच चांगले चालूं लागतात. पट्ट्या चालण्याच्या दिशेनें उभ्या आंखल्या, तर मात्र तसा उपयोग होत नाहीं. २०१० सालीं नेदरलंड्समधील नाइमेखेन येथील वैद्यांनीं एका ५८ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास आधार दिला असतांहि कांहीं पावलांपलीकडे चालतां येत नसे. तोच गृहस्थ सायकलवर बसला कीं, सफाईनें पाय मारीत जाई, वळे व परत येई. आणि खालीं उतरतांच पुन्हां त्याचे पाय अडत.

ह्याच प्रकारचा एक उद्योग मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी ह्या तरुण आरेखनकार स्त्रीनें केला. हें काम तिनें २०१५ सालीं नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथील व्याख्यानांत सांगितलें. तिच्या काकांस हा रोग होता. ते जिना चांगला उतरत, पण सपाट जागेवर अडत. तिनें त्यांच्या घरांत जमिनीवरच जिन्याचें असें चित्र पसरलें कीं, तें पाहणाऱ्यास पायऱ्यांचा भास व्हावा. त्या चित्रावरून तिचे काका न अडतां चालत गेले. ह्या उपायास मोठें यंत्र लागलें नाहीं. आपला माणूस कोठें चालतो व कोठें अडतो हें जवळून पाहण्याची तसदी मात्र घ्यावी लागली.

ह्या चमत्काराचा उलगडा आरंभीं सांगितलेल्या दोन मार्गांत आहे. रोगानें बिघडतो तो मुख्यतः सवयीचा मार्ग. लक्षाचा मार्ग पुष्कळ अंशीं शाबूत असतो. डोळ्यांपुढें ओलांडण्याजोगी रेघ आली, किंवा कानांवर ठराविक ताल पडला, म्हणजे मेंदू त्या दुसऱ्या मार्गानें पायांस हुकूम पाठवितो. कवाइतींत ज्या “डावा, उजवा” नें नवखा मुलगा गोंधळतो, तोच आंकडा वृद्ध रोग्यास उपकारक होतो. लेझीम खेळतांना ताल धरला म्हणजे पाय आपोआप कसे पडतात, हा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांस असेल. तशाच तालावर अडलेलें पाऊल पुष्कळदां सुटतें. पुण्यांत ह्या रोग्यांकरितां नृत्याचे वर्ग चालविले गेले आहेत ते ह्याच तत्त्वास अनुसरून.

औषधांची हकीकतहि मनोरंजक आहे, आणि तींत आपल्या देशांतील वनस्पतींचा संबंध येतो. सर्पगंधा ही आपली जुनी औषधी. रक्तदाबावरील तिचा गुण मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील ह्यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश नियतकालिकांतून जगापुढें मांडला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील रसायनज्ञांनीं तिच्या मुळांतून रेसर्पीन नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. १९५७ सालीं स्वीडनमध्यें आर्व्हिड कार्लसन ह्यांनीं तें सशांस टोंचलें असतां ससे निश्चल होऊन पडले. मग त्यांस लेव्होडोपा नांवाचें द्रव्य दिल्याबरोबर ते पुन्हां हिंडूं लागले. डोपामीन हें हालचालीस आवश्यक आहे ह्या विचारास येथून जोर आला. १९६० सालीं व्हिएन्ना येथें, ह्या रोगानें मरण पावलेल्यांच्या मेंदूंत डोपामीन फार कमी असतें असें सिद्ध झालें. १९६७ सालीं अमेरिकेंत जॉर्ज कोत्झियास ह्यांनीं डोपा हळूहळू वाढत्या प्रमाणांत पोटांत देऊन रोग्यांस चालतें केलें. कार्लसन ह्यांस २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. डोपामीन सरळ दिल्यास तें मेंदूंत शिरत नाहीं. लेव्होडोपा मात्र शिरतें, व तेथें त्याचें डोपामीन बनतें. म्हणून आजहि तेंच मुख्य औषध आहे.

हेंच लेव्होडोपा आपल्या रानांतील खाजकुहिलीच्या बियांत असतें, आणि १९३७ सालीं दामोदरन् व रामस्वामी ह्या भारतीय रसायनज्ञांनीं तें त्या बियांतून वेगळें काढून दाखविलें होतें. परंतु ह्यावरून कोणीं घरच्या घरीं त्या बिया कुटून रोग्यास देऊं नयेत. बियांतील प्रमाण कमीअधिक असतें, आणि मात्रा चुकल्यास मळमळ, भ्रम किंवा अंगाच्या अनावर हालचाली उद्भवतात. औषध वैद्याच्या सल्ल्यानें व ठरल्या वेळीं घेणें हेंच श्रेयस्कर. कांहीं वर्षांनंतर प्रत्येक मात्रेचा अंमल लवकर ओसरूं लागतो, व त्या उतारांत पाय अधिक अडतात. अशा कांहीं निवडक रोग्यांच्या मेंदूंत बारीक तारा बसवून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याची शस्त्रक्रिया करतात. आधुनिक स्वरूपांत ती १९८७ पासून फ्रान्समधील ग्रनोब्ल येथें सुरू झाली. रोग समूळ नाहींसा करणारा उपाय मात्र अद्याप सांपडलेला नाहीं. शिवाय तोल जाणें व पाऊल अडणें हीं लक्षणें पुष्कळदां औषधास पुरतीं दाद देत नाहींत. म्हणूनच व्यायाम, चालण्याचें शिक्षण आणि घरच्यांची समजूत ह्यांस एवढें महत्त्व आहे.

घरच्यांनीं काय करावें, हें आतां थोडक्यांत सांगतों. पाऊल अडलें असतां रोग्यास हात धरून ओढूं नये. पाय जागच्या जागींच राहतात व शरीर पुढें येतें, त्यामुळें तो पडतो. “चला, लवकर चला” असेंहि म्हणूं नये. त्यास स्वस्थ उभें राहूं द्यावें. मग त्यानें एक दीर्घ श्वास घ्यावा, सरळ व्हावें, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर एकदोनदां हलवावा, आणि मोकळा झालेला पाय टाच आधीं टेकेल अशा बेतानें लांब टाकावा. शेजारच्यानें शांतपणें “एक, दोन” असें मोजावें, किंवा जमिनीवरील फरशीची रेघ दाखवून ती ओलांडावयास सांगावें. ज्या दारापाशीं पाय नेहमीं अडतो तेथें रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावून पाहाव्या. कोणास रेघ मानवते, कोणास मोजणें, कोणास पदाचा ताल. ज्यास जें उपयोगी पडेल तें फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानें ठरवावें.

वळतांना जागच्या जागीं फिरण्याऐवजीं मोठें वळण घेऊन चालत वळावें. चालतांना बोलणें असल्यास आधीं थांबावें. हातांत वस्तु घेऊन चालूं नये. जाण्यायेण्याच्या वाटेवरील सुट्या सतरंज्या, तारा, पाट व खेळणीं उचलावीं. न्हाणीघर कोरडें ठेवून तेथें धरावयास दांडी बसवावी. रात्रीं वाटेंत दिवा असावा. मागून मोकळ्या असलेल्या सपाता व वहाणा टाळून पायास घट्ट बसणारीं पादत्राणें वापरावीं. काठी किंवा आधाराची चौकट वैद्यास विचारूनच घ्यावी, कारण उचलून पुढें ठेवावी लागणारी चौकट कांहीं रोग्यांचें अडणें वाढविते. व्यायाम रोज व्हावा, आणि तो औषधाचा अंमल चांगला असतांना व्हावा. ह्या रोग्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना एकत्र आणून माहिती, व्यायाम व धीर देण्याचें काम करणाऱ्या संस्थाहि आपल्याकडे आहेत. मुंबईंत २००१ सालीं पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी स्थापन झाली, व पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळ हें काम करीत आलें आहे.

शेवटीं विद्यार्थी मित्रांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. रस्त्यांत एखादे वृद्ध गृहस्थ वांकून, बारीक पावलें टाकीत, मध्येंच खिळल्यासारखे उभे राहतांना दिसले, तर कित्येक मुलें त्यांची नक्कल करतात, व कित्येक मोठी माणसेंहि “हा मनुष्य प्यालेला आहे” असा शेरा मारून पुढें जातात. ह्या रोगांत चेहऱ्याचे स्नायुहि मंद होतात, त्यामुळें मुखावर हंसूं किंवा आनंद उमटत नाहीं, आणि आजोबा आपल्यावर रागावले आहेत असें नातवंडांस वाटतें. आवाजहि क्षीण होतो, म्हणून लोक त्यांच्याशीं बोलण्याचें टाळतात. पुष्कळांची बुद्धि ह्या काळांत चांगली जागी असते. आपल्यास कोण हंसलें, कोणीं घाई केली, आणि कोण स्वस्थपणें बाजूस उभें राहिलें, हें सर्व त्यांस कळत असतें. पडण्याच्या भीतीइतकीच लोकांच्या दृष्टीची भीति मनांत बसून अनेक वृद्ध घराबाहेर पडणेंच सोडून देतात. चालणें सुटलें म्हणजे स्नायु अधिक दुर्बळ होतात, आणि मग रोगानें जें गेलें नसतें तेंहि जातें.

म्हणून आपल्या आजोबांस किंवा आजीस हा विकार असेल, तर संध्याकाळचा अर्धा तास त्यांच्यासाठीं राखून ठेवावा. दुखऱ्या बाजूनें त्यांच्या शेजारीं चालावें, पुढें चालून ओढूं नये, आणि कवाइतींत शिकलेला “डावा, उजवा” हा आंकडा त्यांच्या बेतानें हळूहळू म्हणावा. ते थांबले तर आपणहि थांबावें. आपण चालावयास शिकत असतां हींच माणसें आपल्या एकेका पावलासाठीं थांबलीं होतीं. तेव्हां त्यांच्यासाठीं थोडें थांबण्यांत आपण कांहीं मोठा उपकार करीत नाहीं. पण त्या थांबण्यानें त्यांचें चालणें आणखी कांहीं वर्षें टिकण्यास मदत होते, आणि तेवढ्या वर्षांत दारापर्यंत, अंगणापर्यंत, शेजारच्या मित्राच्या घरापर्यंत आपल्या पायांनीं जाण्याचें सुख त्यांना मिळूं शकतें.